पुसायची राहिलेली पट्टी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मामाला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे — पण सुस्कारे टाकू नका. कीव मला तेव्हाही नको होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी पुण्यात एका संस्थेत संगणकावर काम करत होतो. रिठदजवळच्या आमच्या गावातल्या बौद्ध वस्तीतून इतका शिकलेला मी पहिला. आमच्या संगणकाला चित्र दाखवणारा पडदा होता. चित्र आधी एका वेगळ्या स्मृतीत भरायचं — पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी तिथं एक घर. पडद्याला अक्कल नसते. घरांत जे असेल ते तो दाखवतो. एका प्रोग्रामचं काम आटोपलं की ती घरं पुसून मगच दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची, ही जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची. गाभ्यातला तो भाग मी लिहिला होता. पुसण्यात वेळ जातो म्हणून ती पायरी मी गाळली होती. नवं चित्र जुन्यावर बसतंच की — मग पुसायचं कशाला?

त्या उन्हाळ्यात वस्तीनं स्वतःची विहीर खोदायचं ठरवलं. गावच्या विहिरीवर आमच्या बायका अजून खालीच उभ्या राहत. वरून कुणी ओतलं तर घागर भरे. गावातले पाणाडे महादूबुवा तळहातावर नारळ आडवा धरून वस्तीचं रान फिरले. बांधाजवळ नारळ उभा राहिला — म्हणजे पाणी तिथं. मी मात्र त्याच रानाचं, विमानातून घेतलेलं छायाचित्र पडद्यावर चढवून त्याचा फोटो काढून आणला होता. त्यात खालच्या कडेला, कडुनिंबाच्या पलीकडं, ओल्या जमिनीचा काळा पट्टा स्पष्ट दिसत होता.

"बापू, तुह्या यंतराले तहान लागते काय?" महादूबुवांनी विचारलं. माणसं हसली.

किसनमामा हसला नाही. "आमचं पोट्टं सांगते तिथंच खंदू," तो म्हणाला. "तुमचा नारळ फोडा बुवा, अन् खोबरं वाटा."

माणसं पुन्हा हसली — या वेळी आमच्या बाजूनं. भर गावात आमच्या वस्तीचा शब्द वर राहिला. असं आधी कधी झालं होतं?

मी पुण्याला परतलो. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला होता, त्यामुळं सगळी घरं कोरी होती; तेव्हा तेच चित्र सहज लावून पाहिलं. काळा पट्टा नव्हता. माझं चित्र पडद्याहून चार बोटं आखूड होतं. फोटो काढला तेव्हा खालच्या घरांत आधीच्या प्रोग्रामचं, कुठल्याशा नदीकाठचं चित्र तसंच राहून गेलं होतं.

त्याच आठवड्यात मामाचं कार्ड आलं. बारा हात गेलो, मुरूम कोरडाच आहे, काय करू?

"थांबा, माझं चुकलं" — एवढं लिहायला किती वेळ लागतो? मी लिहिलं : अजून दहा हात जा. पाणी आहे.

चुकीबद्दल मी बोलत नाही. चुका सगळ्यांच्या होतात. मी बोलतो आहे ते या दहा हातांबद्दल. खाली काळा पाषाण लागला. मामानं तो पहारीनं फोडला, मामीनं वैशाखाच्या उन्हात टोपल्या वाहिल्या. पाणी लागलं नाही. दुसरी विहीर खोदायचं बळ कुणात उरलं नाही. बांधाजवळ पाणी होतं का, ते कुणालाच कळलं नाही. बायका पुन्हा गावच्या विहिरीवर — खाली.

पुसण्याची पायरी मी गुपचूप घालून टाकली. पुढं वर्तमानपत्रात आलो. दुसऱ्यांच्या चुकांच्या दुरुस्त्या वर्षानुवर्षं छापल्या. ही छापली नाही.

का? महादूबुवा हसले असते म्हणून. तो दिवस मला परत द्यायचा नव्हता — आजही देणार नाही. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.

मामा शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कोरडा खड्डा दाखवायचा. "पोट्ट्याचं बराबर होतं," म्हणायचा, "आमीच कमी खंदलं."

मी शेजारी उभा असायचो. मान डोलवायचो.