माडाच्या मुळात बांगडे

मालवणहून मोटारसायकलवर मासे घेऊन तो रोज आमच्या धामापुरात येतो. नाव कधी विचारलं नाही. शेजारच्या काकी माळकरी, मासे खात नाहीत. तरी त्यांच्या दारात तो थांबतो, हॉर्न न वाजवता परसातल्या माडाकडे बघतो आणि निघतो. एकदा मी कारण विचारलं.

"लॉकडावनात पर्यटकांची होडी बंद, म्हणान मासे घेवन फिराक लागलंय. गावात नवो. काकी रोज एक वाटो घेय आणि तांदूळ देय. त्याच तांदळाची घरात पेज. पोरांका न देता चांगले बांगडे मी तिका ठेवले. मागीर कळला, तिना ते सगळे माडाच्या मुळात पुरले!" त्याने ओला हात पंच्याला पुसला, पुन्हा पुसला. "फुकट तांदूळ मी घेतले नसते, ता खरा. पण हात जोडू काय रागावू, माका अजून कळना नाय."

काल काकींनी त्याच माडाचा नारळ त्याला दिला. नारळ कानाशी हलवत त्याने मला हळूच विचारलं, "ह्यो बांगड्यांच्या कढीत घालू काय?"

त्याने नारळ माशांच्या पेटीत ठेवला, लगेच काढला, आणि शर्टाच्या आत पोटाशी घालून कट्टा गावच्या रस्त्याला लागला.