मुतखडा, टेबल आणि आमची धडधड

ऑपरेशन थिएटरमधले किस्से आपोआप साठतात. घडतात तेव्हा तोंडाला कोरड पडलेली असते; हसू यायला चार महिने जातात! मी भूल देणारी डॉक्टर. वसईतल्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात आमचे सर्जन सर मुतखडे काढतात. पेशंटला पालथं झोपवून, पाठीतून नळी घालून खडा फोडायचा. पण पेशंटचं वजन फारच जास्त असलं, की टेबलापासून श्वासापर्यंत सगळ्याचीच काळजी.

*

मनवेलपाड्याच्या एका अगडबंब रिक्षावाल्याने टेबलाकडे बघून विचारलं, "सर, मोडणार नाही ना?"

तीच भीती आम्हाला! सर स्वतः टेबलावर आडवे झाले, वर दोन धिप्पाड वॉर्डबॉय बसवले. टेबल करकरलं.

सर झोपूनच म्हणाले, "टेबल ठीक आहे. आवाज माझ्या कमरेचा!"

तरीही ऑपरेशन पुढे ढकललं आणि दणकट टेबल मागवलं.

*

एव्हरशाईन सिटीतले असेच एक जाडजूड काका आले. सरांनी सगळे धोके सांगितले. काकूंचा चेहरा पांढराफटक.

"मग राहू दे ना खडा आतच. इतकी वर्षं राहिलाय."

"खडा राहील हो काकू. किडनी राहणार नाही."

काकू काकांकडे वळल्या. "उठा! चपला घाला. ॲडमिट व्हायचंय."

*

याच काकांच्या ऑपरेशनला पाठीच्या चरबीतून किडनीपर्यंत नेहमीची नळी पुरेना. लांब नळी घातली, तर तीही जवळजवळ आत गडप! आतच निसटली तर? सरांनी नळीला दोरा बांधला, टोक फिलोमिना सिस्टरच्या हातात दिलं. सिस्टरनी घाबरून तो असा ताणला, की नळीच बाहेर यायला लागली.

"अहो सिस्टर, ढील द्या! पतंग काटायचाय का?"

सिस्टरनी ढील दिली. श्वास मात्र खडा बाहेर आल्यावरच सोडला.

*

आणि निर्मळच्या मावशी. केळीची वाडी, तोंडाने फटकळ. पूर्ण भूल दिली, सहा जणांनी मिळून पालथं केलं. छाती दबली. मॉनिटरचा टूं-टूं आवाज खाली खाली जायला लागला. ऑक्सिजन उतरत होता!

"उलटवा! आत्ताच्या आत्ता!" मी किंचाळले.

उताणं केलं. ओठ निळे पडलेले. मी ऑक्सिजनचा फुगा दाबत राहिले, दाबतच राहिले. कधीतरी आवाज पुन्हा वर चढला. त्या दिवशी ऑपरेशन सोडून दिलं. घरी जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मावशी पुन्हा टेबलावर. या वेळी उताण्याच. एका कुशीखाली उशी, भूल फक्त छातीखालच्या भागाला, म्हणजे मावशी जाग्या. सर बाजूने सुई घालत होते. कोणी बोलत नव्हतं. सगळ्यांचे कान मॉनिटरकडे. माझी बोटं मावशींच्या मनगटावर.

तेवढ्यात छातीवर लावलेल्या पडद्याअलीकडून मावशींचा खणखणीत आवाज आला,

"ओ डॉक्टरबाई, सगळे असे गप्प का? कोण मेलं काय?"