नवाबाचं खातं

निलंग्याजवळच्या एका खेड्यातले किशनराव बिराजदार. त्यांच्या मोबाइलमध्ये माणसाचा फोटो शोधायचा तर बोट दुखायचं. सगळे फोटो नवाबाचे. नवाब म्हणजे त्यांचा देवणी जातीचा वळू. समोरून, मागून, नुसतं वशिंड, नुसते खूर, पाणी पिताना, पाणी पिऊन झाल्यावर. बायको सिंधूबाई एकाच फोटोत होत्या, त्याही वैरण टाकणाऱ्या हातापुरत्या.

एक दिवस मोबाइलनं सांगितलं, जागा संपली. निलंग्याचा दुकानदार म्हणाला, "मेमरी कार्ड घ्या. फोटो तुमचे, तुमच्याच खिशात." किशनरावांना हे पटलं. पण नांदेडला शाळेत शिकवणारी लेक दीपमाला नेमकी माहेरी आली होती.

"कार्ड हरवलं की सगळं गेलं, बाबा. मी क्लाउडवर टाकते. फोन विहिरीत पडला तरी फोटो राहतील."

"पर ठिवतेस कुठं?"

"कंपनीच्या कॉम्प्युटरवर. लांब असतंय ते."

"तिथं आपल्या वळखीचं कोण हाय?"

दीपमालाच्या खात्यात जागा भरपूर होती, म्हणून तिनं वडिलांचा फोन त्यालाच जोडला, फोटो वर चढवले आणि फोनमधले काढून जागा मोकळी केली. उघडलं की नवाब तसाच दिसायचा. किशनराव खूश झाले.

थोड्या दिवसांनी तिचाच फोन आला. "बाबा, नवाब आमच्या टीव्हीवर यायलाय." टीव्ही रिकामा असला की खात्यातले फोटो आपोआप दाखवायचा. सासूबाई उमाबाईंच्या मैत्रिणी चहाला बसल्या होत्या आणि भिंतभर नवाबाची पाठमोरी बाजू आली.

"शेपटीचा गोंडा दिसायलाय का त्यात?" किशनरावांनी विचारलं.

"दिसायलाय."

"तो चांगला आलाय. बघितला का त्यांनी?"

दीपमालानं फोन ठेवला आणि आपल्या फोनमधले सगळे नवाब पुसून टाकले.

पुढच्याच आठवड्यात किशनराव बिलोलीला लग्नाला गेले. जेवणं झाल्यावर लिंबाजी नावाचे एक पाहुणे आपल्या बैलाचं कौतुक करू लागले. किशनरावांनी ते ऐकून घेतलं, मिशीवर हात फिरवला आणि मोबाइल काढला. आत त्या वैरणीच्या फोटोसकट काहीच नव्हतं. लिंबाजी वाकून बघत राहिले. "वळू काळा हाय का?" त्यांनी काळ्या पडद्याकडे बघत विचारलं.

किशनराव मांडवाबाहेर आले आणि लेकीला फोन लावला. "दीपमाला, नवाब गेला."

"कधी?"

"सकाळपस्तोर व्हता. लग्नात लोकाला दाखवाया काढलं, तर न्हाई."

ती रडायलाच लागली. "लग्नात कशाला नेलं हो त्याला?"

"अगं, वळू दावणीला हाय. फोटू गेले."

दीपमालाचं रडं थांबलं. मग ती हळूच म्हणाली, "मी पुसले, बाबा. आता तुमचे-माझे फोटो एकाच खात्यात असतात, हे रागाच्या भरात ध्यानात राहिलं नाही."

"म्हंजे नांदेडात दावं सोडलं की निलंग्यात जनावर सुटतंय?"

"हाव."

नशिबानं पुसलेले फोटो खात्याच्या कचरापेटीत काही दिवस राहतात. नवाब पुन्हा आला, गोंड्यासकट.

दीपमाला रविवारी गावी आली. फोटो कार्डवर घेऊन ते सिंधूबाईंच्या दागिन्यांच्या डबीत ठेवायचं आणि क्लाउडवर नवाबाचं वेगळं खातं काढायचं, असं ठरलं. नाव लिहिलं, नवाब किशनराव बिराजदार. मग जन्मतारीख आली.

"तुमची टाकू?" दीपमाला म्हणाली.

"खोटं कशाला? त्याची टाक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा हाय."

तिनं टाकली. मोबाइलनं कळवलं, वय लहान आहे, पालकांची परवानगी लागेल.

"मग हाय की मी," असं म्हणत किशनराव सरसावून बसले. सिंधूबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या.

शेवटी त्यांचीच तारीख टाकली. ती म्हणजे शाळेत मास्तरांनी अंदाजे लावलेली एक जून. आता दर एक जूनला नवाबाला कंपनीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात आणि किशनराव मोबाइल घेऊन गोठ्यात जाऊन त्याला त्या वाचून दाखवतात.