माझ्या एकटीचे हातमोजे

"भिंगाला तसाच हात लावू नकोस. आधी हे घाल."

सरांनी पांढरे सुती हातमोजे टेबलावर टाकले. हातात दिले नाहीत. "तुम्हा लोकांच्या बोटांना तेल असतं. मासळीचं."

मागून एक मुलगा म्हणाला, "सर, हिच्या लेसरमध्ये बोंबील दिसणार!" सगळे हसले. ते सगळे भिंग कडेला धरून उघड्या बोटांनीच उचलत होते.

मला काही वाटलं नाही. काय वाटायला हवं, तेच कळत नव्हतं. मी "थँक्यू सर" म्हणाले आणि हातमोजे घातले.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. ठाण्यातलं कॉलेज. आई कोपरीत मासळी विकायची. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. एम.एस्सी.चा माझा प्रकल्प असा: लेसरचा प्रकाश भिंगातून एका ठिपक्यात गोळा होतो. तो ठिपका न पडता गोल कडं पडावं. त्यासाठी प्रकाशाच्या वाटेत कसली नक्षी ठेवायची, ते कॉम्प्युटरने शोधायचं. एक नक्षी धरायची. तिच्यातून भिंतीवर काय पडेल ते गणिताने काढायचं. चुकलं तेवढं सुधारून उलट मागे यायचं. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. जमली की नक्षी छापायची आणि तिचा फोटो घेऊन बारीक फिल्म करायची. या सगळ्या गणितात माझ्या हातांचा वास कोणाला आला नाही.

तोंडी परीक्षेआधी हातमोजे धुवायला घरी नेले.

"कनाला गो हे?" आईने विचारलं.

"काचेला जपायला."

तिने ते साबणाने घासले आणि दारातल्या सुकटीशेजारी वाळत घातले. आमचं सगळं तिथेच वाळतं. सकाळी मी ते पिशवीत टाकले. वास मला आला नाही. आमच्या घरात तो कोणालाच येत नाही.

प्रयोगशाळेत पिशवी उघडली आणि सरांनी नाकाला रुमाल लावला. बाहेरून आलेल्या परीक्षकांना म्हणाले, "बघा. हिला फक्त गणित विचारा. भिंग दुसरा कोणी लावेल."

तो बोंबीलवाला मुलगा लगेच उठला.

मी हातमोजे टेबलावर ठेवले. भिंग उचललं. उघड्या बोटांनी, कडेला धरून.

"हातमोजे!" सर ओरडले.

"सगळ्यांना द्या, सर. मग मी पण घालते."

आवाज बारीक निघाला. भिंग लावलं, पुढे फिल्म लावली. भिंतीवर लाल कडं पडलं. एका बाजूला जरा फिकट. परीक्षकांनी ते पाहिलं, मान खाली घातली, काही लिहिलं. हातमोज्यांविषयी अवाक्षर नाही. मला पास होण्यापुरते गुण मिळाले.

घरी आईने हातमोज्यांचं विचारलं. या वेळी खरं सांगितलं. ती कोळंबी सोलत राहिली.

हातमोजे मी तिथेच टाकून आले होते. आता कुठल्याही प्रयोगशाळेत शिरले की आधी बाकीच्यांचे हात बघते. जे फक्त माझ्यासाठी वेगळं काढून ठेवलेलं असेल, ते मी घालणार नाही.