स्टुलावरचा पाय

हत्तीखान्यात त्यांना सगळे टेपमामा म्हणत, कारण शर्टाच्या खिशातून टेपचं टोक कायम जीभ काढून बाहेर बघत असे. हत्तींची मापं घ्यायची, कोण किती वाढलं ते सांगायचं, हे त्यांचं काम. "माझ्या पोरी बघता बघता डोंगराएवढ्या झाल्या," असं ते कौतुकाने सांगत. ते हत्तिणींबद्दल बोलतायत हे नव्या माणसाच्या जरा उशिराच लक्षात येई.

सगळ्यात धाकटी होती चिमणी. उंची मोजायची काठी दिसली की ती बिथरायची. पोटाखालून टेप सरकवला तर गुदगुल्या झाल्यासारखी नाचायची. म्हणून तिच्यापुरता मार्ग वेगळा होता. पुढच्या पायाचा, अगदी तळव्याशी, घेर घ्यायचा आणि त्याची दुप्पट करायची. हत्तीची उंची साधारण तेवढीच भरते. फक्त त्या पायाशी गुडघे टेकून बसावं लागे.

इथेच घोडं पेंड खायला लागलं. मामांचे गुडघे वाकेनात. हे कुणाला कळलं असतं तर टेप काढून घेऊन त्यांना गेटवर बसवलं असतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकायला. मग माहूत चारा आणायला गेला की मामा चिमणीपाशी जात. केळं दाखवून, पुढचा पाय बुटक्या स्टुलावर ठेवायला त्यांनी तिला शिकवलं. मामा खुर्चीत, पाय स्टुलावर, टेप हाताशी. पोरगी हुशार. पुढे पुढे तर मामा दिसले की पाय आपोआप वर.

स्टुलावर घेतलेलं पहिलंच माप मात्र आधीपेक्षा कमी भरलं.

मामा तडक चाऱ्याच्या शेडमध्ये गेले. सगळी मंडळी जमलेली होती. माहूत, मामांना पोरासारखा, बादलीत भुसा कालवत होता.

"तुझी चिमणी मापात खाली आलीय रे."

"हत्ती काय आटतो का, मामा?" माहूत हसला.

"उपाशी ठेवला की आटतो. चारा तिच्याच पोटात जातो, की तुझ्या दारातल्या म्हशीच्या?"

दोघंतिघं फिदीफिदी हसले. माहुताने हात पुसले, बादली बाजूला ठेवली आणि एवढंच म्हणाला, "माझ्या दारात म्हैस नाही, साहेब."

त्या दिवसापासून 'मामा' गेले आणि 'साहेब' आले. व्यवस्थापकांच्याही कानावर गोष्ट गेली. त्यांनी ठरवलं, हत्तींच्या डॉक्टरीणबाईंसमोर पुन्हा माप घ्यायचं. तसंच कमी भरलं, तर चिमणी दुसऱ्या माहुताच्या हाती द्यायची.

मापाच्या आदल्या संध्याकाळी मामा घरात नव्या चपला घालून लंगडत होते.

"चावतेय," ते कुरकुरले.

"दुकानात तर फुलासारखी बसली म्हणत होतात," मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"तिथे खुर्चीत बसून घातली होती ना."

"मग! उभं राहून बघा, उभं राहून बघा, घसा कोरडा केला मी. अंगाचा भार पडला की पाय पसरतो. मापं घेण्यात जन्म गेला तुमचा, आणि हे मी सांगायचं?"

मामा एका पायात चप्पल अडकवून तसेच उभे राहिले.

"काय झालं? फारच चावतेय का?"

"हो," मामा म्हणाले. "फार."

बायकोला ते काही सांगू शकले नाहीत. उलट बेत रचत बसले. उद्या स्टूल भिंतीमागे लपवायचं आणि कसंही करून वाकायचं. पाय जमिनीवर ठेवूनच माप घ्यायचं. माप वाढलेलं येईल, माहुताची चिमणी माहुताकडे राहील, कुणाला काही सांगायला नको. 'मी बोललो म्हणून सुधारणा झाली,' असंसुद्धा वर म्हणता येईल. हे मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. पण बेत काही त्यांनी बदलला नाही.

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या, व्यवस्थापक आले. माहूत चिमणीच्या कानाशी उभा होता, परक्याच्या घरी उभं राहावं तसा. मामा पुढे झाले. चिमणीने त्यांना पाहिलं, सोंडेने इकडेतिकडे स्टूल शोधलं, सापडलं नाही म्हणून पाय नुसताच हवेत उचलून धरला आणि सोंड थेट मामांच्या खिशाशी नेली.

"हे कुणी शिकवलं हिला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "असा पाय उचलून माप घेतलं, तर ते कमीच येणार. भार नाही ना त्यावर."

व्यवस्थापक माहुताकडे वळले. "हत्तीण तुझी. हे उद्योग तुझेच!"

मामांनी सवयीने खिशात घातलेलं केळं माहुताने पाहिलं. त्याला सगळं कळलं. त्याने फक्त मान फिरवली. मामांना वाचवायचं म्हणून नव्हे, त्याला बघवेना.

चिमणीचा पाय अजून हवेतच होता.

"मी शिकवलं," मामा म्हणाले.

"काय?"

"मी. माझे गुडघे वाकत नाहीत. चारा सगळा तिच्याच पोटात गेलाय. मी जे बोललो..."

"खाली ठेव, बाई," माहूत हळूच म्हणाला. चिमणीने पाय खाली ठेवला. मामा खांबाला धरून, दात आवळून, कसेबसे गुडघ्यांवर बसले. टेप फिरवला. आकडा डॉक्टरीणबाईंनीच वाचला.

"छान वाढलीय की!" त्या म्हणाल्या. "हिला हलवायचं काही कारण नाही."

त्या आणि व्यवस्थापक पुढच्या हत्तीकडे निघून गेले. मामांना उठता येईना. माहूत भिंतीमागे गेला आणि ते बुटकं स्टूल घेऊन आला. त्यावर चिखलाचा वाटोळा ठसा सुकला होता. त्याने ते मामांच्या पुढ्यात ठेवलं.

"यावर हात टेका, साहेब, आणि उठा."

"मामा म्हण की रे."

माहूत चिमणीच्या पायावरची धूळ झटकत राहिला. मग म्हणाला, "आधी तिला केळं द्या. पाय खाली ठेवलाय तिने."

मामांनी गुडघ्यांवर बसूनच केळं पुढे धरलं. वर बघायचं काही त्यांना धाडस झालं नाही.