टाकीच्या तोंडाशी

रोज सकाळी ती न्हाणीघरात गेली, की तो दाराबाहेर उभा राहून तिला काहीतरी विचारायचा. ज्याला नुसतं "हो" म्हणून भागणार नाही, असंच काहीतरी.

"अगं, आज वार कोणता?"

"बुधवार. कॅलेंडर तुमच्या नाकासमोर टांगलंय."

"आणि तुझ्या मावशीला मुलं किती?"

"चार. अहो, दोन तांबे सुखानं घेऊ द्या की अंगावर!"

मग तो निघून जायचा. शेजारीण भिंतीपलीकडून म्हणायची, "नवरा आहे की मास्तर? आंघोळीतसुद्धा तोंडी परीक्षा!" तीही हसायची. लग्नाच्या पहिल्या बारा वर्षांत त्याला ही खोड नव्हती. तिचा धाकटा भाऊ गेला, त्यानंतर ती लागली. त्यापुढचं तिनं कधी उकरलं नव्हतं.

तो रंगाच्या कारखान्यात होता. तिथं मागच्या अंगणात सांडपाण्याची टाकी होती, जमिनीखाली, खांदे जेमतेम आत जातील एवढ्या तोंडाची. दर तीन महिन्यांनी पाणी उपसायचं आणि एकानं आत उतरून तळाचा गाळ बादलीत भरायचा. दुसऱ्यानं वर दोर धरायचा. दोर खालच्याच्या कमरेला बांधायचा असं ठरलेलं होतं, पण बादली ओढायलाही तोच लागे, म्हणून तो कमरेला कमी आणि बादलीलाच जास्त असे. खाली तिचा भाऊ, वर तिचा नवरा. त्यानंच मेहुण्याला तिथं चिकटवलं होतं.

"भाऊजी, मला ओढताना तुमची कंबर मोडली, तर ताई मला जेवायला घालायची नाही," भाऊ म्हणायचा.

काम करताना वरच्यानं मधूनमधून हाक द्यायची, "हो?" खालच्यानं उत्तर द्यायचं, "हो!" वर्षानुवर्षं सगळे हेच करत आले होते. गाळाला कुजकट वास यायचा. थोड्या वेळानं तो येईनासा झाला की उतरलेल्याला बरं वाटायचं. वास गेला नसून नाक मेलंय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

भाऊ गॅसनं गेला. दोन मिनिटांत गेला, असं मालकानं लिहून दिलं, नवऱ्यानंही तेच सांगितलं. त्या दोन मिनिटांवर तिनं आठ वर्षं काढली. आईला ती सांगायची, "दोन मिनिटांत काय कळतं गं माणसाला? दूध उतू जायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो." आई मान हलवायची. घरात जेवताना मात्र भावाचा विषय निघत नसे. तिघांच्या जागी दोघं जेवत, आणि भांड्यांचा आवाज होई.

आठव्या वर्षी कारखान्यात नवी सेफ्टी ऑफिसर आली. एका संध्याकाळी ती घरी येऊन स्टुलावर टेकली.

"काका, मला पंखा हवाय, गॅसचं मीटर हवंय, कमरेचा पट्टा हवाय. मालक म्हणतात, इतकी वर्षं हो-हो करून काम चाललंय. एकच माणूस गेला, तोही दोन मिनिटांत, यंत्रं असून काय झालं असतं? उद्या मीटिंग आहे. तिथं तुम्ही एकटेच होतात, म्हणून विचारते."

त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. ती कांदा चिरत होती. तिची सुरी थांबली होती.

"दोनच मिनिटं," तो म्हणाला.

ऑफिसर उठली, दारात जाऊन चपला घालू लागली.

"बसा," तो म्हणाला. "पंधरा. वीससुद्धा असतील. मी हो म्हणायचो, खालून हो यायचं. लगेच यायचं. म्हटलं, आज गडी रंगात आहे. टाकी जवळजवळ रिकामी झाली होती, बाई. रिकामी टाकी बोलते. तो माझाच आवाज होता. मी माझ्याशीच बोलत उभा होतो."

"तोवर जिवंत होता तो?" हे विचारलं ते तिनं, स्वयंपाकघरातून.

"काही वेळ होता. डॉक्टर म्हणाले, लवकर काढला असता तर..."

तिनं सुरी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा न्हाणीघराच्या दाराशी आला. "अगं, आज वार कोणता?" ती बोलली नाही. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं तांब्याही खाली ठेवला. बाहेर त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, आणि मग एकदम दाराला खांद्याचा धक्का बसला. कडी वाकली. दुसरा धक्का.

"गुरुवार!" ती ओरडली.

बाहेर तो मटकन खाली बसल्याचं तिला कळलं.

त्या दिवशी मीटिंगमध्ये तो सगळ्यांसमोर पंधरा मिनिटं म्हणाला. मालकाची मान खाली गेली. दीड महिन्यात पंखा आला, मीटर आलं, पट्टा आला. मीटरनं हवा बरी दाखवल्याशिवाय उतरायचं नाही, दोर पट्ट्यालाच बांधायचा, आणि हाक अशी द्यायची की उत्तर हाकेत नसेल. हे शेवटचं त्यानं सुचवलं. पोरं चेष्टा करत, "काका वरून सासूचं नाव विचारतात. त्यापेक्षा गॅस परवडला!"

घरी ती फक्त सकाळच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. वार सांगायची, तारीख सांगायची. बाकी दिवसभर अबोला. असे चार महिने गेले.

मग एका दुपारी नळाला पाणी नव्हतं आणि अंगणातलं पिंप कोरडं पडलं होतं. ते घासायला ती आत वाकली. काय वाटलं कोण जाणे, तिनं हाक दिली, "हो?"

"हो," पिंप म्हणालं.

ताबडतोब. थोड्या जाड, थोड्या तरुण आवाजात. तिनं पुन्हा हाक दिली, आणि पुन्हा. दर वेळी कुणीतरी खालून तितक्याच तत्परतेनं, जराही न कंटाळता होकार देत होतं. आपलाच आवाज आहे हे ठाऊक असूनही तिला तिथून उठवेना. शेजारणीनं भिंतीवरून डोकावून पाहिलं, आणि ती मागं सरली.

रात्री ताट वाढताना ती म्हणाली, "खरंच वाटतं हो. कुणालाही वाटलं असतं."

तो घास हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिला.

त्यानंतर तो अकरा वर्षं जगला. टाकीच्या तोंडाशी तो दोर धरून असताना पुन्हा कधी कुणी आत राहिलं नाही. निवृत्तीनंतर एका दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. जेवताना, पहिला घास घेऊन, तो तिला एवढंच म्हणाला होता, "मीठ कमी पडलंय गं आज. तुझा भाऊ असता तर ताट सरकवून उठला असता."