शेरेबुकातली दोन वाक्ये

भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी विज्ञानाची विषय साधनव्यक्ती झाले, तेव्हा कामाचे स्वरूप मला स्पष्ट होते: मागच्या बाकावर बसून शिक्षकाचा तास पाहायचा आणि जिथे अडते ते त्याच्यासोबत सोडवायचे. तपासणी हे माझे काम नव्हते. आमच्या कार्यालयात हा फरक कोणाला महत्त्वाचा वाटत नसे.

पाहुणे येणार म्हटले की बहुतेक शाळा मुलांकडून उत्तरे आधीच घोटून घेतात. सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाळेत, निवृत्तीला आलेल्या एका गुरुजींनी तसे केले नाही. "ताई, नेहमीचाच तास पाहा. विद्युत परिपथ मी फळ्यावरच शिकवतो. दिवा नाही लागला तर पोरं हसतील, म्हणून सेल-वायर कपाटातून काढतच नाही."

इतके प्रामाणिक निदान मी कोणत्याही प्रशिक्षणात ऐकले नव्हते. दुपारी आम्ही दोघांनी जोडणी केली. तिसऱ्या प्रयत्नात दिवा लागला. पुढच्या आठवड्यात साहित्य मुलांच्या हाती द्यायचे ठरले.

निघताना रिवाजाप्रमाणे शेरेबुक पुढे आले. भेटीला आलेले त्यात 'कामकाज समाधानकारक' असे लिहून चहा घेतात. मी काटेकोरपणाच्या हौसेने लिहिले: 'प्रयोग प्रत्यक्ष घेतले जात नाहीत. शिक्षकांना सरावासाठी मदत हवी.'

आमच्या कार्यालयातल्या साहेबांनी शेरा वाचून पहिल्या वाक्याच्या आधारे गुरुजींना कारणे दाखवा नोटीस काढली. मी जाब विचारला.

"मॅडम, शेरा तुमचाच आहे."

"दुसरे वाक्य वाचलेत का?"

"त्यावर काय कारवाई करणार?"

शिक्षकाने अडचण सांगावी म्हणून मला नेमायचे आणि त्याने ती सांगितली की त्याच्याकडून खुलासा मागायचा. याला व्यावसायिक विकास म्हणण्याचा निर्लज्जपणा मला सहन होत नाही. माझ्या हौसेचाही त्यात वाटा आहे, हे अधिक सलते.

पुढच्या भेटीत गुरुजींनी दारातच अहिराणीत विचारले, "ताई, तुम्ही शिकाडाले येतस का तपासाले?" माझ्या उत्तराची वाट न पाहता ते वर्गात गेले. दिवा पहिल्या फटक्यात लागला. जोडणी वर्गातल्या हुशार मुलीकडून करवून घेतली होती. बाकीच्यांनी हाताची घडी घालून, प्रश्न संपण्याआधीच एका सुरात उत्तरे दिली.

तास संपल्यावर मी माफी मागितली आणि विचारले, "गुरुजी, आता कुठे अडते?"

"कुठंच नाही, सगळं ठीक," खडू डबीत ठेवत ते म्हणाले. "बठ्ठं बरं शे."